सहा पेन्सांचा वारा

शिडाच्या गलबतावर ज्यांचे पोट, त्यांची सारी भिस्त वाऱ्यावर. तो कोणाचा बंदा नाही, ही गोष्ट मात्र दर्यावर्दी मनाला सहजी मानवत नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील लोकांनी वाऱ्यावरची ही सत्ता चेटकिणींकडे सोपविली होती. उत्तरेकडील शेटलंड बेटांत म्हाताऱ्या बाया दोऱ्याला वा रुमालाला गाठी मारून खलाशांना वारा विकीत. पहिली गाठ सोडली की झुळूक, दुसरीने जोराचा वारा. तिसरी मात्र सोडावयाची नाही, कारण तिच्यात तुफान!

दंतकथा म्हणून हे ऐकावयास गोड आहे. परंतु जी बाई वारा देते, तिच्यावर वादळाची जबाबदारीही आपसूक येऊन पडते, आणि येथेच आमचे मन अडखळते. राजा सहावा जेम्स १५९० साली डेन्मार्कहून आपली नववधू अ‍ॅन हिला घेऊन परतला. दोघांच्याही प्रवासात वादळांनी विघ्ने आणली होती. त्याचे खापर नॉर्थ बेरिक परिसरातील स्त्री-पुरुषांच्या माथी फुटले. त्यांतील अ‍ॅग्नेस सॅम्पसन ही सुईणपण आणि औषधपाणी करणारी बाई. खुद्द राजाने तिची जबानी घेतली. छळ सोसल्यावर तिने कबूल केले, की मांजराला प्रेताचे अवयव बांधून ते समुद्रात टाकले आणि तुफान उठविले. जानेवारी १५९१ मध्ये एडिनबरो येथे गळा आवळून तिला मारले व देह जाळला. १५६३ चा चेटूकविरोधी कायदा १७३६ पर्यंत टिकला. त्याखाली सुमारे ३,८०० जणांवर आरोप आले, बहुतेक स्त्रियाच. स्कॉटलंडच्या सरकारप्रमुखांनी क्षमा मागितली ती मार्च २०२२ मध्ये.

असो. १८१४ साली दीपगृहांच्या पाहणीसाठी निघालेल्या जहाजातून कादंबरीकार वॉल्टर स्कॉट ऑर्कनी बेटांवर गेला. स्ट्रॉमनेस बंदरावरील टेकडीवर बेसी मिली नावाची, शंभरीला टेकलेली म्हातारी राहत असे. ‘द पायरेट’ कादंबरीतील नॉर्ना त्याला हिच्यातच सापडली. सहा पेन्स घेऊन ती चुलीवर किटली उकळी, आणि जहाजाला अनुकूल वारा मिळावा म्हणून प्रार्थना करी. आपण कसलीही निषिद्ध विद्या करीत नाही, हे ती बजावून सांगे. आम्हांस या खुलाशाचे नवल वाटत नाही. सांगितलेले वय खरे असेल, तर तो कायदा उठला तेव्हा ती चांगली जाणती होती.

आणि वारा? तो येई. कधी कधी गिऱ्हाइकाला थोडे थांबावे लागे, एवढेच.