नावे ठेवणारे आणि नावे विसरणारे

नव्या मुंबईला नावे ठेवणे हा जुन्या मुंबईकरांचा फुकटचा आणि म्हणूनच आवडता विरंगुळा आहे. दादर-गिरगावच्या बैठकीत वाशी-नेरूळचा विषय निघाला, की प्रथम एक सुस्कारा ऐकू येतो आणि मग ठरलेली वाक्ये सुरू होतात. तिकडे रस्ते मोठे आहेत, पण रस्त्यावर माणूस दिसत नाही. पत्ता विचारावा तर कोणी आळीचे नाव सांगत नाही, सेक्टरचा आकडा सांगतो. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना कारखान्यांच्या वासाने नाकाला रुमाल लावावा लागतो. ते केवळ झोपायला जाण्याचे गाव आहे. त्याला इतिहास नाही, परंपरा नाही, आत्मा तर नाहीच नाही! खाडीपलीकडून लग्नाचे आमंत्रण आले तर ही मंडळी परगावी निघाल्यासारखी तयारी करतात. आणि २०२४ साली हलक्या वाहनांना टोल माफ होईपर्यंत वाशीच्या नाक्यावर परमुलखात शिरल्याचा भाव त्यांच्या मुखावर हमखास उमटत असे.

या निंदेचे आम्हांस फारसे वैषम्य वाटत नाही. निंदकांनी आपल्या मुंबईचे बालपण आठवावे. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाला मिळालेली ही बेटे त्या राजाला इतकी मौल्यवान वाटली, की १६६८ साली त्याने ती वर्षाकाठी दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात बांधली! दलदल आणि रोगराई यांमुळे मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच तेव्हाच्या इंग्रजांत रूढ होती. जिला एके काळी भाडेकरूही मिळत नव्हता, तिने धाकट्या बहिणीच्या रूपाची चेष्टा करावी हा कालमहिमा होय. आणि योजून वसविलेल्या नगरांच्या वाट्याला ही दूषणे जगभर आली आहेत. चंडीगडला ती आली, ब्राझिलियाला आली, ऑस्ट्रेलियातील कॅनबेराला तर आजही ऐकावी लागतात.

आम्हांस खेद वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. परगावच्या माणसाने विचारले, 'आपण कुठले?' तर आमचा नेरूळवासी बिनदिक्कत उत्तर देतो, 'मुंबईचा.' खोदून विचारले तर 'म्हणजे तसे मुंबईतच' असे पुटपुटतो. नागपूरचा माणूस आपण नागपूरचे हे सांगताना चाचरत नाही. कोल्हापूरकराला तर न विचारताच सांगायचे असते. ज्या शहरात वीस-तीस वर्षे घालविली, मुले वाढविली, घराचे हप्ते फेडले, त्याचे नाव घेताना जीभ अडखळते, याचा अर्थ एवढाच, की निंदकांचे म्हणणे आपण मनोमन मान्य केले आहे.

यावर आमच्या शहराचे अभिमानी पुढे सरसावतात आणि मानपत्रे वाचू लागतात. ती खोटी नाहीत. केंद्र सरकारच्या स्वच्छता सर्वेक्षणात मोठ्या शहरांत २०२० आणि २०२३ या वर्षांसाठी नवी मुंबई देशात तिसरी आली. महानगरपालिकेच्या मालकीचे मोरबे धरण आहे. स्वतःच्या धरणाचे पाणी पिणारी नगरे या देशात मोजकीच. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी वस्तीपेक्षा वर जाते, म्हणून येथे धारण तलाव योजले आणि पावसाचे पाणी ओहोटीपर्यंत त्यांत थोपवून धरण्याची व्यवस्था केली. ही शहाणी योजना ज्यांच्या खिडकीखाली आहे, त्यांपैकी अनेकांना तिचा पत्ताही नाही. हिवाळ्यात खाडीच्या पाणथळांवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेचा पराभव करून विश्वचषक उचलला आणि सगळ्या जगाने आमच्या शहराचे नाव ऐकले. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला विमानतळाचे उद्घाटन झाले.

हे सारे खरे. पण क्रमांकावर उभारलेला अभिमान पुढच्या क्रमांकापर्यंतच टिकतो. स्वच्छतेचे पारितोषिक दाखवून 'आमच्या शहराला आत्मा आहे' हे सिद्ध होत नाही. आक्षेप दोन आहेत: हे केवळ झोपण्याचे गाव आहे आणि याला इतिहास नाही. दोहोंना खरे उत्तर आहे. मात्र ते पुलापलीकडच्यांइतकेच अलीकडच्यांनाही झोंबणारे आहे.

प्रथम झोपेचे पाहू. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी असे मांडले, की चिंचोळ्या बेटावर उत्तर-दक्षिण कोंडलेल्या मुंबईने खाडी ओलांडून पूर्वेकडे पाऊल टाकावे. त्यांच्या कल्पनेतील शहर मुंबईचे शयनगृह नव्हते. मुंबईच्या तोडीचे दुसरे केंद्र होते आणि त्या केंद्राचा प्राण म्हणजे राज्याचा कारभार. सरकारची कार्यालये तिकडे गेली, की उद्योग, पेढ्या, व्यापार आपोआप मागून जाईल, हे साधे गणित होते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. आणि मग सरकारने काय केले? शेतकऱ्याला 'जमीन सोड' असे सांगणारे सरकार स्वतः नरिमन पॉइंटची हवा सोडावयास तयार झाले नाही! समुद्रात भराव घालून दक्षिण टोकाला कचेऱ्यांचे मनोरे चढतच राहिले आणि १९८१ साली नवे विधानभवन उभे राहिले तेही तेथेच. बेलापूरच्या वाट्याला कोकण भवन आले, मंत्रालय आले नाही. कांदा-बटाट्याचा बाजार, मसाल्याचा बाजार, लोखंडाचा बाजार एवढे मात्र तत्परतेने पाठविण्यात आले. मंत्र्यांना नको असलेले सर्व काही आम्हांस मिळाले.

वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. त्यावाटे धावणारी बस होती, पण मानखुर्दहून वाशीला आगगाडी पोहोचावयास १९९२ साल उजाडावे लागले. मधली एकोणीस वर्षे येथे राहावयास आलेल्या माणसांनी शेवटची बस चुकल्यावर रात्री कशा काढल्या, हे त्यांनाच विचारावे. शहराची नोकरी एका तीरावर आणि बिछाना दुसऱ्या तीरावर, ही व्यवस्था येथील रहिवाशाने मागितली नव्हती. ज्याने ती लादली, त्याच्याच गावाने पुढे 'झोपायचे गाव' म्हणून हसावे, हा न्याय विलक्षण आहे.

आता इतिहास. सिडकोने नगर वसविले ते कोऱ्या कागदावर नव्हे. ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतील ९५ गावे त्या आराखड्याखाली होती. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचा मुलूख. भाताची खाचरे, खारजमिनी, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारा आगरी-कोळी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष आजही उभे आहेत. पनवेलजवळच्या शिरढोणात १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. उरण तालुक्यातल्या चिरनेरला १९३० च्या सप्टेंबरात जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या मातीत एवढे घडले, तिला इतिहास नाही असे म्हणणारा मनुष्य एक तर अजाण असला पाहिजे किंवा सेक्टर सतरातला भाडेकरू!

आणि या शहराचा स्वतःचा, अगदी जन्माचा इतिहास जानेवारी १९८४ मध्ये लिहिला गेला. जमिनी सरकारने कवडीमोलाने घेतल्या, त्याच जमिनी सपाट करून, रस्ते घालून चढ्या भावाने विकावयाच्या आणि त्या पैशातून शहर उभे करावयाचे, ही सिडकोची रीत होती. रेल्वेमार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला तोही याच पुंजीतून. म्हणजे आपण ज्या फलाटावर उभे राहून गाडी उशिरा येते म्हणून चरफडतो, तो फलाट कोणाच्या तरी भाताच्या खाचराच्या किमतीतल्या फरकावर बांधलेला आहे. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील, वकील, पनवेलचे अनेक वर्षांचे आमदार आणि पुढे कुलाब्याचे खासदार, यांनी हा फरक मागितला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी जासई-पागोटे परिसरात पोलिसांनी शेतकऱ्यांवर गोळीबार केला. नामदेव घरत, रघुनाथ ठाकूर, कमळाकर तांडेल, महादेव पाटील आणि केशव पाटील हे पाच जण धारातीर्थी पडले. त्या रक्तातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले.

'साडेबारा टक्के' हा शब्द आज आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. घर घेताना दलालाच्या तोंडून तो पहिल्या दहा मिनिटांत ऐकू येतो. वरील पाच नावे मात्र आम्ही किती जणांनी ऐकली आहेत? वाशीतल्या एखाद्या शाळेच्या दहावीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. मुलांना बोल लावण्याचे कारण नाही. त्यांच्या घरात तरी ती कोण उच्चारतो?

येथेच आमच्या अभिमानाचे पितळ उघडे पडते. जुना मुंबईकर आम्हांस 'पलीकडचे' म्हणतो म्हणून आम्ही रागावतो, आणि सेक्टरच्या कुंपणाबाहेर शंभर पावलांवर असलेल्या गावठाणातल्या माणसाला आम्ही त्याच सुरात 'गाववाले' म्हणतो. सारसोळे, दिवाळे, करावे ही नावे आमच्या लेखी बसथांबे आहेत. तेथे कोळी राहतात आणि अजून होड्या घेऊन खाडीत उतरतात, याची दखल आम्ही ताजी मासळी हवी असते त्या रविवारी घेतो. मूळ गावाची हद्द आखून दिली, भोवतालची जमीन काढून घेतली आणि मग मुलाचे लग्न झाले म्हणून बापाने एक खोली वाढविली, की ती अनधिकृत! 'गरजेपोटी बांधलेली घरे' हा शब्दप्रयोग आमच्या शहराने मराठीला दिला आहे. ती नियमित करण्याचे आश्वासन निवडणुकीमागून निवडणुकीत दिले गेले. या गरजेच्या आडून चाळींचे इमले उठविणारे आणि दिघ्यासारख्या ठिकाणी गरीब ग्राहकांना फसविणारे ठगही निपजले, हे आम्ही नाकारीत नाही. २०१५ साली उच्च न्यायालयाने तेथील ९९ इमारतींवर बोट ठेवले, तेव्हा रस्त्यावर आली ती कुटुंबे, ठग नव्हेत. पण ठगाच्या पापाखाली शेतकऱ्याची खोली गाडून टाकणे हा शहाणपणा नव्हे.

विमानतळाला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून जून २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली, सिडको भवनावर मोर्चा नेला. हजारो माणसे त्यात होती. त्या दिवशी सेक्टरांतल्या सुशिक्षित मंडळींत चर्चा होती ती कोणता रस्ता बंद आहे याची! २०२२ साली विधिमंडळाने त्या नावाचा ठराव केला. नावाचा आग्रह ही भावनिक बाब आहे, असे काहींचे मत आम्ही ऐकले. आहेच. अभिमान हा भावनेचाच प्रांत आहे. शहराला आत्मा नाही म्हणून ज्यांना रुखरुख वाटते, त्यांनी तो कोठे शोधावयाचा होता? तो त्या दिवशी रस्त्यावर उन्हात उभा होता.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. महानगरपालिकेतील नगरसेवकांची मुदत २०२० साली संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. पारितोषिके त्या काळातही मिळाली, नव्हे, त्या काळातच अधिक मिळाली. नगरसेवकांवाचून आमचे काही अडत नाही, असे सांगताना आमच्या अनेक मित्रांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. आम्हांस त्यात समाधानाचे कारण दिसत नाही. भाडेकरूला घरमालक चांगला मिळाला म्हणून तो घरचा होत नाही. खारघर-कळंबोली-कामोठे २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत, उरणच्या बाजूची गावे तिसऱ्याच व्यवस्थेत, अशी एका आराखड्याची शकले झाली आहेत. ती एका शहराची माणसे आहेत हे सांगणारा आवाज कचेरीतून उमटणार नाही.

जानेवारी २०२४ पासून उरणची रेल्वे बेलापूर-नेरूळशी जोडली गेली आहे आणि त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला. तो सेतू शिवडीहून निघतो आणि चिर्ले-जासईच्या भूमीवर उतरतो. ज्या मातीसाठी १९८४ साली माणसे पडली, नेमक्या त्याच मातीवर मुंबईची मोटार आता वीस मिनिटांत टेकते. दरवर्षी जानेवारीत तेथे हुतात्म्यांना अभिवादन होते. गावकरी येतात, पुढारी येतात, पुष्पचक्रे वाहिली जातात. वाशी, नेरूळ, ऐरोली, घणसोली येथील शाळा आपल्या मुलांना रोहित पक्षी दाखवावयास नेतात, हे उत्तम करतात. त्यांतल्या एखाद्या मुख्याध्यापकाने येत्या १६ जानेवारीला नववीचा एक वर्ग आगगाडीत बसवून जासईला न्यावा. भाडे किरकोळ आहे. मुलांबरोबर पालकांपैकी कोणी आले, तर त्यांनाही जागा मिळेल.