कंट्रोलर लागला, पण गेमला कळेना

माझ्या भाच्याकडे पीएस४ चा एक कंट्रोलर पडून होता. कन्सोल घरातून केव्हाच गेला होता, कंट्रोलर तेवढा मागे राहिला. त्याने तो लॅपटॉपला लावला, नारिंगी दिवा संथपणे लुकलुकू लागला, चार्जिंग सुरू झालं आणि त्यापुढे काहीच होईना. "मामा, हा गेला वाटतं," म्हणत तो माझ्याकडे घेऊन आला. कंट्रोलर ठणठणीत होता. दोष केबलचा होता.

यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी माहिती नेतात. पॉवर बँकेबरोबर येणाऱ्या किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त केबलींमध्ये शेवटच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. मग चार्जिंग होतं, दिवा लागतो आणि संगणकाला मात्र आपल्याला काही जोडलंय याचा पत्ताच नसतो. बाहेरून पाहून अशी केबल ओळखता येत नाही. त्याच केबलने मोबाइल संगणकाला जोडून पाहा. मोबाइलमधले फोटो संगणकावर उघडले, तर केबल चालेल. पीएस४ च्या कंट्रोलरला जुन्या अँड्रॉइड फोनची मायक्रो यूएसबी पिन लागते, पीएस५ च्या आणि २०२० नंतरच्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला सी टाइप.

जुन्या बाजारातून वस्तू घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एक्सबॉक्स ३६० चा बिनतारी कंट्रोलर केबल लावली तरी तारेने चालत नाही, कारण त्याची केबल फक्त चार्जिंगपुरती आहे. संगणकावर तो चालवायला त्याचा वेगळा रिसीव्हर लागतो. त्याच पिढीचा तारेचा कंट्रोलर मात्र लावला की लगेच चालतो.

केबल बदलली आणि विंडोजने कंट्रोलर ओळखला. नाव दिसलं 'वायरलेस कंट्रोलर'. सोनीचा हा कंट्रोलर तार लावलेली असतानाही आपलं हेच नाव सांगतो, त्यामुळे गोंधळू नका. भाच्याने गेम उघडला, तर गेममधला माणूस जागचा हलेना. बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडून देतात. नेमका हाच भाग समजून घेण्यासारखा आहे.

विंडोजवर कंट्रोलरचं म्हणणं गेमपर्यंत पोहोचण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. जुनी पद्धत डायरेक्टइनपुट, १९९० च्या दशकातली. त्या काळी जॉयस्टिक, स्टिअरिंग व्हील, पेडल असं काहीही संगणकाला जोडलं जाई, म्हणून ही पद्धत फार मोकळी ठेवलेली होती. कंट्रोलर फक्त सांगतो, 'एक नंबरचं बटण दाबलं', 'दोन नंबरचं दाबलं'. एक नंबर म्हणजे उडी की गोळी, हे गेमने नाहीतर खेळणाऱ्याने ठरवायचं. २००५ साली एक्सबॉक्स ३६० आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुट नावाची नवी पद्धत आणली. तिच्यात सगळं आधीच ठरलेलं आहे: ए, बी, एक्स, वाय ही बटणं, दोन स्टिक, दोन ट्रिगर आणि एका वेळी जास्तीत जास्त चार कंट्रोलर. गेम बनवणाऱ्यांची मोठी सोय झाली. एकदा एक्सबॉक्सच्या कंट्रोलरसाठी लिहिलं की काम संपलं, म्हणून त्यानंतरच्या कितीतरी गेमनी जुन्या पद्धतीकडे पाहिलंच नाही.

सोनीचा कंट्रोलर एक्सइनपुट बोलत नाही. विंडोजला तो जुन्या पद्धतीचा एक सर्वसाधारण कंट्रोलर म्हणून दिसतो. नवा गेम एक्सबॉक्सच्या कंट्रोलरची वाट बघत बसतो आणि शेजारी लावलेला आपला कंट्रोलर त्याला दिसतच नाही. एखाद्या गेमला दिसला तरी बटणांची अदलाबदल होते, कारण सोनीच्या कंट्रोलरवर पहिलं बटण चौकोनाचं आहे आणि फुलीचं दुसरं, तर एक्सबॉक्सवर पहिलं बटण ए, म्हणजे फुलीच्या जागचं. फुली दाबून उडी मारायला जावं आणि भलतंच काही घडावं, त्याचं कारण हे.

तेव्हा मध्ये एक दुभाषा लागतो. सगळ्यांत सोपा दुभाषा स्टीम या गेम विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या प्रोग्रॅममध्येच आहे. डिसेंबर २०१६ पासून स्टीम पीएस४ चा कंट्रोलर ओळखतं, पुढे पीएस५ चाही ओळखू लागलं. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये कंट्रोलरचं पान उघडा आणि प्लेस्टेशन कंट्रोलरसाठी स्टीम इनपुट सुरू करा. इतकं पुरतं. दुसरीकडून घेतलेला गेमही स्टीमच्या लायब्ररीत बाहेरचा गेम म्हणून जोडता येतो आणि तिथून उघडला की बहुतेक वेळा हीच सोय त्यालाही मिळते. स्टीम वापरायचंच नसेल तर डीएस४विंडोज नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो संगणकात एक खोटा एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करतो आणि खऱ्याचं प्रत्येक बटण त्याच्यामार्फत गेमला कळवतो.

मात्र एका वेळी एकच दुभाषा ठेवा. स्टीम आणि डीएस४विंडोज दोन्ही चालू राहिले, किंवा गेमला खरा आणि खोटा असे दोन्ही कंट्रोलर दिसले, तर एकदा दाबलेलं बटण दोनदा लागतं. मेनूमध्ये एक ओळ खाली जायचं असतं आणि आपण दोन ओळी खाली जातो. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत केबलनंतर सगळ्यांत जास्त वेळा हेच कारण निघालं आहे. सोनीचे कंट्रोलर स्वतःच ओळखणारे गेमही आता बरेच आहेत. तसा गेम असेल तर त्याच्यापुरतं स्टीम इनपुट बंद करा, म्हणजे पडद्यावर फुली, गोल, त्रिकोण अशी आपल्या हातातलीच चिन्हं दिसतील. पीएस५ च्या कंट्रोलरचे ताण देणारे ट्रिगर आणि बारीक कंपनं अनुभवायची असतील तर तो तारेनेच जोडा. त्याची कंपनं यूएसबीवरून आवाजाच्या वाहिनीतून जातात आणि ब्लूटूथवर बहुतेक गेममध्ये ती मिळत नाहीत.

बिनतारी जोडणीची कृती छोटी आहे. पीएस४ च्या कंट्रोलरवर शेअर आणि पीएस ही दोन बटणं एकत्र दाबून धरा. दिवा भरभर लुकलुकू लागला की संगणकाच्या ब्लूटूथ यादीतून तो निवडा. पीएस५ साठी शेअरऐवजी क्रिएट बटण. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला वरच्या कडेवर पेअरिंगचं बारीक बटण असतं, पण एक्सबॉक्स वनच्या सगळ्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नाही. ते आलं २०१६ मध्ये. मधल्या चमकत्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लास्टिक पुढच्या भागाशी सलग असेल तर ब्लूटूथ आहे. ते वरच्या खांद्याच्या बटणांशी जोडलेलं असेल तर नाही, मग तार लावा किंवा मायक्रोसॉफ्टचा वायरलेस अॅडॉप्टर घ्या.

डेस्कटॉपला ब्लूटूथचा छोटा डाँगल लावणाऱ्यांसाठी एक सूचना. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि यूएसबी ३ चे पोर्ट त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. डाँगल मागच्या बाजूला, निळ्या पोर्टात, लोखंडी कॅबिनेटच्या आड लावला तर बटणं उशिरा लागणं, मध्येच संपर्क तुटणं हे होणारच. यूएसबीची एक हातभर एक्स्टेंशन केबल घेऊन डाँगल टेबलावर आणा, फरक लगेच जाणवेल.

कंट्रोलर खरंच बिघडला आहे का, हे तपासायची खिडकी विंडोजमध्येच आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत जे-ओ-वाय, मग टिंब, मग सी-पी-एल असं लिहा आणि एंटर दाबा. यादीतला कंट्रोलर निवडून प्रॉपर्टीज उघडल्या की प्रत्येक बटण दाबताच त्याचा दिवा लागतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचे दोन्ही ट्रिगर या जुन्या खिडकीत एकाच पट्टीवर दाखवले जातात. दोन्ही एकत्र दाबले तर पट्टी मध्यावर येते. ट्रिगर बिघडले असं समजून कोणी तो दुरुस्तीला नेऊ नये, गेममध्ये ते वेगवेगळेच चालतात.

स्टिकला हात न लावता याच खिडकीतलं अधिकचं चिन्ह मध्यापासून सरकलेलं दिसलं, तर आतला भाग झिजला आहे. थोडंसं सरकणं मात्र गृहीतच धरलेलं असतं. एक्सइनपुटमध्ये डावी स्टिक मध्यापासून ३२,७६७ पर्यंत मोजली जाते आणि पहिले ७,८४९ आकडे सोडून द्यावेत, असं मायक्रोसॉफ्टनेच सुचवलं आहे, म्हणजे जवळजवळ पाव भाग. याला डेडझोन म्हणतात. स्टीममध्ये तो वाढवता येतो आणि झिजलेली स्टिक त्यावर आणखी बरेच दिवस निघते.

भाच्याचा कंट्रोलर आता दुसऱ्या केबलवर, स्टीममधून नीट चालतो आहे. तुमच्या कपाटात असा एखादा पडला असेल तर भंगारात देण्याआधी एकदा फोटो दाखवणाऱ्या केबलने लावून पाहा.