कापल्यावर निळी पडते, म्हणून?

पावसाच्या दोन-चार दणदणीत सरी पडून गेल्या की कोलकात्याच्या बेहालात तळ्यांच्या काठी, मैदानांच्या कडेला, जुन्या बागांच्या ओलसर कोपऱ्यांत छत्र्या उगवू लागतात. बंगालीत त्यांचे नाव ‘ब्यांगेर छाता’, म्हणजे बेडकाची छत्री. मराठीत तीच कुत्र्याची छत्री होते. खाण्याजोगी असली की मात्र नाव बदलते: आपल्याकडे ती अळंबी होते, पश्चिम बंगालच्या झारग्राम-बांकुडा-पुरुलियाकडे ‘छातू’. म्हणजे खायची कोणती आणि सोडायची कोणती, ही वाटणी दोन्ही भाषांनी नावातच करून ठेवली आहे. ती ओळखायची कशी, याची उत्तरेही सगळीकडे ठरलेली असतात. किड्यांनी खाल्ली असेल तर माणसाला चालते. लसूण किंवा चांदीचा चमचा सोबत शिजवावा, काळा पडला तर फेकून द्यावी. कापल्यावर निळी पडली तर विषारी. हे सगळे नियम चुकीचे आहेत, हे पुष्कळदा सांगून झाले आहे. पण मुद्दा त्यापुढचा आहे. दिसण्यावरून खाण्याची खात्री देणारा एकही सर्वसाधारण नियम असू शकत नाही, आणि हे सर्वांत स्पष्टपणे दाखवून देणारा अळंब्यांचा गट म्हणजे बोलेट.

बोलेट वरून पाहिली तर साधी छत्रीच. जाड, गोल, भाजलेल्या पावासारखी टोपी आणि खाली फुगीर दांडा. उलटी केली की फरक कळतो. नेहमीच्या अळंबीच्या टोपीखाली पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पट्ट्या असतात, बोलेटच्या टोपीखाली स्पंज असतो. हजारो बारीक नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, त्यांची तोंडे खाली उघडी, आणि त्यांतून बीजुके गळत राहतात. या स्पंजावर अंगठा दाबला तर काही जातींत क्षणभरात निळा ठसा उमटतो. चाकूने कापलेला पिवळा गर डोळ्यांदेखत शाईसारखा गडद होत जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विषाचे लक्षण वाटले तर नवल नाही. दुसरीकडे, पट्ट्या नाहीत म्हणजे जिवाला धोका नाही, असाही एक समज आहे. त्यात अर्धे सत्य आहे. जगभरात अळंबीने जे मृत्यू होतात त्यांतले बहुतेक अमॅनिटा या पट्ट्यावाल्या गटातल्या काही जातींमुळे होतात. पण अर्ध्या सत्यावर पानात काय वाढायचे ते ठरवता येत नाही.

आधी निळ्या रंगाचे पाहू. बोलेटांच्या गरात व्हेरिगेटिक आम्ल, झेरोकोमिक आम्ल अशी फिकी किंवा पिवळसर द्रव्ये असतात. पेशी फुटल्या की हवेतला प्राणवायू आणि अळंबीतले विकर मिळून त्यांचे ऑक्सिडीकरण करतात आणि निळा रंग तयार होतो. कापलेले सफरचंद तपकिरी पडते, त्याच जातीची ही घटना. या द्रव्यांचा विषाशी संबंध नाही. जायरोपोरस सायनेसेन्स ही युरोपातली बोलेट कापताच गर्द निळी होते आणि लोक ती आवडीने खातात. रुब्रोबोलेटस सेटॅनस, म्हणजे ‘सैतानाची बोलेट’, जेमतेम निळसर होते, पण पोटाची दाणादाण उडवते. तिच्यातले बोलेसॅटिन हे द्रव्य पेशींचे प्रथिने बनवण्याचे कामच अडवते. टायलोपायलस फेलियस अजिबात निळी पडत नाही, पण इतकी कडू असते की तिचा एक तुकडा सगळ्या भांड्यातले कालवण वाया घालवतो. चीनच्या युन्नान प्रांतात तर एका बोलेटचे बाजारातले नावच ‘हात लागताच निळी’ अशा अर्थाचे आहे. शास्त्रात ती लानमाओआ एशियाटिका. नीट शिजवली तर ती मेजवानीचा पदार्थ असते. कच्ची राहिली तर खाणाऱ्याला छोटी छोटी माणसे नाचताना दिसू लागतात, आणि हे घडवणारे द्रव्य नेमके कोणते, ते अजून हाती लागलेले नाही. एकच जात एका कढईतून अन्न म्हणून बाहेर येते आणि दुसरीतून भ्रम म्हणून. तिला खाद्य म्हणावे की विषारी, याचे उत्तर तिच्या रंगात सापडणार नाही.

बेहालातल्या छत्र्यांत मात्र बोलेट सहसा आढळत नाहीत. ते का? याचे उत्तर झाडांत आहे. बहुतेक बोलेट एकट्या जगत नाहीत. त्यांचे धागे विशिष्ट झाडांच्या बारीक मुळ्यांवर मोज्यासारखे चढतात. झाडाला त्या जमिनीतले पाणी आणि स्फुरद मिळवून देतात, झाड त्यांना साखर देते. पण ही भागीदारी सगळी झाडे करत नाहीत. ओक, पाइन, सालवृक्ष आणि त्याचे भाऊबंद करतात. शहरातल्या रस्त्यांवरचे शिरीष, गुलमोहर, आंबा, नारळ यांची भागीदारी वेगळ्याच, छत्री न उगवणाऱ्या बुरशींशी असते. म्हणून बेहालातून बोलेट पाहायला पश्चिमेकडे झारग्रामच्या सालवनापर्यंत जावे लागते. सालाच्या पट्ट्यातून नव्या जातीच काय, बोलेटांची नवी प्रजातीही सापडली आहे. बांगलादेशातल्या सालवनातल्या बोलेटला ढाक्यावरून बोरोफुटस ढाकानस हे नाव मिळाले. मराठीत बोलेटला स्वतंत्र, सर्वांच्या तोंडी असलेला शब्द का नाही, याचेही कारण मला इथेच दिसते. सह्याद्रीच्या आपल्या भागातल्या जंगलांत अशी भागीदारी करणारी झाडे फार थोडी. कोकणातल्या बाजारात श्रावणात येणारी अळंबी वाळवीच्या वारुळावर उगवणारी असते, तिला झाड लागत नाही. निलगिरीत परदेशी पाइन लावले गेले, तेव्हा त्यांच्या मुळांबरोबर सुइलस ही बोलेटांची नातलगही तिथे रुजली. नियमाला अपवाद आहे तो फ्लेबोपस पोर्टेंटोससचा. श्रीलंकेतून प्रथम वर्णन झालेली ही अवाढव्य काळपट बोलेट जिवंत मुळांच्या भागीदारीवाचूनही वाढू शकते, बागांतही उगवते, आणि म्हणूनच युन्नानमध्ये तिची चक्क लागवड होते. तेव्हा बेहालात बोलेट दिसणारच नाही, अशी पैज कोणी मारू नये.

सालवनातले लोक ज्या छातूसाठी पहिल्या पावसाची वाट पाहतात, तो बोलेटांचाच एक लपलेला नातलग आहे. नाव ‘कुरकुरे छातू’. झारखंडात तो रुगडा, बस्तरमध्ये बोडा. दिसायला छत्री नाहीच, मातीने माखलेली सुपारीएवढी गोळी. शास्त्रज्ञ त्याला अ‍ॅस्ट्रियस म्हणतात आणि बोलेटांच्या गणातच ठेवतात. सालाखालचा पालापाचोळा जिथे किंचित उचललेला किंवा तडकलेला दिसतो, तिथे काडीने माती उकरली की गोळ्या हाती येतात. त्या धुवायला अर्धा दिवस जातो. दाताखाली बाहेरचे कवच कुरकुरते आणि आतला मऊ गर फुटतो, म्हणून ते नाव. पण हीच गोळी चार-सहा दिवस मातीत राहिली तर आत काळी भुकटी होते, आणि मग कवच चांदणीसारखे उमलते. ओल आली की चांदणी उघडते, सुकली की मिटते. आता धोका पाहा. त्याच रानात स्क्लेरोडर्मा नावाची गोळी उगवते, तीही बोलेटांच्याच गणातली, आणि तिच्या बऱ्याच जाती पोटाला बाधतात. शिवाय अमॅनिटा अगदी कोवळी असताना पांढऱ्या अंड्यासारखी असते. म्हणून जाणकार गोळी उभी चिरतात. आत सगळीकडे सारखा पांढरा गर असेल तर कुरकुरे. जांभळट काळा, संगमरवरासारखा शिरांचा असेल तर स्क्लेरोडर्मा. आणि चिरल्यावर आत एका चिमुकल्या छत्रीची रेघ दिसली, टोपी, दांडा, पट्ट्या सगळे घडी घातलेले, तर ती गोळी कोणीही तोंडात घालू नये. ही परीक्षा वाचून पाठ करता येईल, पण ती जिथे लागू पडते ते झाड, तो आठवडा आणि त्या रानात आणखी काय काय उगवते याची यादी तिच्याबरोबर नसेल तर ती अपुरी आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आदिवासी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या हे खात आली आहेत, त्यांना ना रसायनशास्त्र लागले ना सूक्ष्मदर्शक. मग शास्त्राने मध्ये पडायचे कारण काय? या आक्षेपातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. ते ज्ञान खरे आहे, कसोटीला उतरलेले आहे, आणि पुस्तकांतल्या पुष्कळ नोंदींपेक्षा बारकाईचे आहे. पण ते नियमांचे नव्हे, ठिकाणाचे ज्ञान आहे. ठिकाण बदलले की ते उलटू शकते. आसामच्या चहामळ्यांत काम करणाऱ्या अनेक कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूरच्या सालप्रदेशातून नेले गेले. २०२२ च्या एप्रिलमध्ये वरच्या आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यांत चहामळ्यांतले लोकच मोठ्या संख्येने होते. गरिबी, महागडी भाजी, दवाखान्यापर्यंतचे अंतर, अशी कारणे त्यामागे आहेतच. परक्या जंगलात जुनी ओळख फसते, हेही त्यांत असावे, असे मला वाटते. आणि ‘पिढ्यान् पिढ्या’ या शब्दांवर फार भार टाकू नये, याचा पुरावा बोलेटांच्याच घरात आहे. पॅक्सिलस इन्व्होल्युटस ही बोलेटांच्या गणातली, पण पट्ट्या असलेली अळंबी. युरोपात, विशेषतः पूर्वेकडे, ती उकडून सर्रास खाल्ली जात असे. काही जणांच्या शरीरात पुन्हा पुन्हा खाल्ल्यावर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि एका जेवणानंतर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. जर्मन कवकशास्त्रज्ञ युलियस शेफर १९४४ साली हीच खाऊन दगावला. अळंब्यांवर आयुष्य घालवलेला माणूस, ओळखीची जात, नेहमीचा पदार्थ.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे: डीएनए पाहा, म्हणजे प्रश्न सुटला. डीएनएने नाव मिळते, आणि नाव मिळणे मोठी गोष्ट आहे. २०१४ साली लंडनच्या क्यू उद्यानातल्या ब्रिन डेंटिंजर आणि लॉरा सूझ यांनी दुकानातून चिनी सुक्या पोर्चिनी बोलेटांचे एक पाकीट घेतले. त्यातल्या १५ तुकड्यांत तीन जाती निघाल्या, आणि तिन्हींना तोपर्यंत शास्त्रात नावच नव्हते. लोक त्या आधीपासून मजेत खात होते. म्हणजे नाव नसलेली जात खाद्य असू शकते, आणि नाव कळल्याने जात खाद्य ठरत नाही. डीएनए ‘ही कोण’ ते सांगतो. ‘ही पचते का’ हे कोणी तरी, कुठे तरी, एका विशिष्ट पद्धतीने शिजवून खाल्ल्यावरच कळलेले असते. मोबाइलच्या अ‍ॅपची गत याहून बिकट. त्याला फोटोत टोपी दिसते. बोलेट ओळखायला लागतात ते टोपीखालचा स्पंज, दांड्यावरची जाळी, मातीतला बुंधा, वास, कापल्यावर रंग किती वेळात बदलतो, आणि शेजारचे झाड.

अळंब्या ओळखून त्यांची नोंद करण्याच्या कामात कोलकाता आणि पुणे यांचे एक जुने नाते आहे. मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक होते. १९४६ साली त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना केली, आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या ग्रंथमालेतल्या पहिल्या ग्रंथात १९८० साली साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैऋत्य भारतातल्या अळंब्यांची नोंद केली. तिकडे कलकत्त्यात पुरकायस्थ आणि चंद्रा यांनी १९७४ साली कॅलोसायबी इंडिका हे नाव दिलेली पांढरीशुभ्र अळंबी आज ‘मिल्की मशरूम’ म्हणून देशभर पिकवली जाते. आणि २०१५ साली सिक्कीममधल्या एका नव्या बोलेटचे, बोलेटस रिकॅपिट्युलॅटसचे, वर्णन झाले तेव्हा त्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण, पुण्याची आघारकर संस्था आणि तेच डेंटिंजर असे सगळे होते. तिच्या पेशींपैकी काही सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच अळंबीच्या आकाराच्या दिसतात.

बेहालाच्या पलीकडे, हुगळीच्या दुसऱ्या तीरावर, शिबपूरच्या उद्यानात केंद्रीय राष्ट्रीय वनस्पती संग्रहालय आहे. अशा संग्रहात बोलेट ठेवायची म्हणजे आधी वाळवावी लागते, आणि वाळली की निळे-लाल सगळे जाऊन तपकिरी चामडे उरते. म्हणून गोळा करणाऱ्याने ताज्या अळंबीवर केलेली नोंद पाकिटात जोडलेली असते: गर पिवळा, कापल्यावर इतक्या वेळात निळा, सालाखाली. या नोंदीत आणखी दोन ओळी कायमच्या असाव्यात असे मला फार वाटते. तिथले लोक तिला काय म्हणतात, आणि ती कशी शिजवतात, किंवा का सोडून देतात. ज्या बाईने ती पाचोळ्यातून उकरून दिली, तिला ते विचारायला पाच मिनिटे लागतात.