घरी संगणक घेताय? आधी कामांची यादी करा



द्राक्षाचे पैसे हाती आले किंवा उन्हाळ कांद्याची पट्टी निघाली, की घरात नव्या खरेदीची बोलणी सुरू होतात. त्यात आता संगणकाचीही भर पडली आहे. मुलगी बारावीला गेलेली असते, सूनबाई बचत गटाचा हिशेब पाहत असतात, धाकट्याला टायपिंगची परीक्षा द्यायची असते. मग घरातले कोणीतरी नाशिकला जाऊन दुकानदाराने लिहून दिलेला कागद घेऊन येते. त्यावर आय-५, १६ जीबी, ५१२ एसएसडी अशी अक्षरे असतात. घरच्या कर्त्याला त्यातले काही उमगत नाही आणि विचारायला संकोच वाटतो.

संकोचाचे काही कारण नाही. खताच्या पोत्यावरचे १९:१९:१९ ज्याला वाचता येते, त्याला संगणकाचा कागदही वाचता येईल. मात्र पोते विकत घेण्यापूर्वी आपण जमिनीची गरज पाहतो, तशी येथे घराची गरज पाहिली पाहिजे.

वारणेचा धडा

या बाबतीत आपल्याच राज्यातले एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ साली केंद्र सरकारच्या पुढाकाराने एक मोठा प्रयोग झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्यात आली. उसाचे वजन, खताची मागणी, बाजारभाव, पिकाचा सल्ला असे सारे गावातल्या केंद्रावर मिळावे, हा हेतू होता. प्रत्यक्षात संगणकाचा मुख्य वापर कारखान्याच्या ऊस आणि खताच्या नोंदींपुरताच राहिला. पुढे २००६-०७ च्या सुमारास काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाईलवरच्या संदेशाने तेच काम करून पाहिले, आणि ते झालेही.

यावरून संगणक निरुपयोगी असतो असे समजू नका. काम लहान आणि अवजार मोठे, असे झाले की पैसा अडकून पडतो, एवढेच यातून घ्यायचे. दोन गुंठ्यांच्या परसबागेसाठी कोणी ट्रॅक्टर घेत नाही.

म्हणून घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात मोबाईलवर भागणारी कामे लिहावीत. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवरच होते. बाजार समितीचा भाव, हवामानाचा अंदाज, बँकेचा निरोप यांनाही मोबाईल पुरतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये शुल्क भरून मोबाईलवरही उतरवून घेता येतो. एवढीच कामे असतील तर संगणक घेऊ नका. ते पैसे ठिबकच्या नळ्यांना लावा.

दुसऱ्या रकान्यात मोठा पडदा आणि पूर्ण कीबोर्ड लागणारी कामे लिहावीत. तासन् तास अभ्यास, मराठी-इंग्रजी टायपिंग, अर्ज आणि पत्रव्यवहार, बचत गटाचे जमाखर्च आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतीचा हिशेब ही ती कामे होत.

हिशेबाचे एक उदाहरण घ्या. समजा, एक एकर कांद्याला रोपापासून काढणीपर्यंत ७२,००० रुपये खर्च झाला आणि ९० क्विंटल माल निघाला. म्हणजे क्विंटलला ८०० रुपये घरचा खर्च. चाळीत माल सडून ७५ क्विंटलच उरला, तर तोच खर्च ९६० रुपयांवर जातो. हा आकडा हाताशी असला तर लासलगावच्या लिलावात उभे राहताना आपण कोठे आहोत हे कळते. द्राक्षबागेत फवारणीच्या नोंदीचे महत्त्व तर सांगायलाच नको. लेबलवर काढणीपूर्व प्रतीक्षा काळ ३० दिवसांचा असेल आणि फवारणी १० जानेवारीला झाली असेल, तर ९ फेब्रुवारीपूर्वी त्या बागेत कात्री लागता कामा नये. तारीख टाकली की पुढची तारीख संगणकावरचा तक्ता स्वतः काढून देतो. निर्यातीच्या बागांची नोंद अपेडाच्या ग्रेपनेटवर होत असल्याने ज्याची वही चोख, त्याला पुढचे सारे सोपे जाते.

हा दुसरा रकाना भरला, तरच पुढचे वाचा.

डेस्कटॉप की लॅपटॉप?

संगणक घरातच राहणार असेल आणि तीन-चार जण तो आळीपाळीने वापरणार असतील, तर टेबलावरचा डेस्कटॉप बरा. त्याच पैशांत त्याचा पडदा मोठा मिळतो आणि मान वाकत नाही. कीबोर्ड बिघडला तर तेवढाच बदलता येतो. चार वर्षांनी रॅम वाढवता येते. मुलगा शिकायला नाशिकच्या किंवा पुण्याच्या वसतिगृहात जाणार असेल, तर मात्र लॅपटॉपच लागेल. पडदा आणि यंत्र एकाच अंगात असलेला ऑल-इन-वन दिसायला सुबक असतो, पण बिघडला की सारेच दुरुस्तीला जाते. खेड्यातल्या घराला तो सोयीचा नाही.

विजेची धास्ती बाळगू नका. साधा डेस्कटॉप पडद्यासह १०० वॉटच्या आसपास वीज घेतो. रोज चार तास चालवला तर महिन्याला सुमारे १२ युनिट होतात.

पिंपाची आखूड फळी

शेतीशास्त्रात लीबिगचा नियम शिकवतात. पिकाला सर्व अन्नद्रव्ये भरपूर दिली आणि एकच कमी पडले, तर उत्पादन त्या एका कमी घटकावर अडते. लाकडी पिंपाच्या फळ्या उंच असल्या, तरी पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच राहते. संगणकालाही हाच नियम लागू पडतो. त्याच्या मुख्य फळ्या तीन.

पहिली फळी प्रोसेसर. हा संगणकाचा मेंदू. घरच्या कामाला अलीकडच्या पिढीचा इंटेल आय-३ किंवा एएमडी रायझन-३ पुरेसा आहे. आय-७ च्या नादी लागू नका.

दुसरी फळी रॅम. चालू काम पसरण्याचे हे खळे. खळे लहान असेल तर माल पुनःपुन्हा हलवावा लागतो. ८ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि पुढे वाढवण्यासाठी एक खाच रिकामी आहे की नाही ते विचारून घ्या.

तिसरी फळी साठवण. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, तर एसएसडीत फिरणारे काही नसते, म्हणून ती कितीतरी वेगवान. २५६ जीबीची एसएसडी हिशेबाला आणि अभ्यासाला पुरते, तर फोटो-व्हिडिओ फार असतील तर ५१२ घ्या. आय-७ आणि सोबत ४ जीबी रॅम व जुनी हार्ड डिस्क, असा डबा कोणी गळ्यात मारत असेल, तर पिंपाच्या दोन फळ्या आखूड आहेत हे ओळखा. रंगीत दिवे लावलेल्या डब्याने कामाचा वेग वाढत नाही.

पैशांची वाटणी अशी करा. ठरवलेल्या रकमेचे दहा वाटे केले, तर साधारण सहा वाटे डब्याला, दोन पडद्याला, एक यूपीएसला आणि एक कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह व वायरिंगला. प्रिंटर यात धरलेला नाही. महिन्यातून चार कागद छापायचे असतील, तर गावातल्या आपले सरकार केंद्रावर छापून घेणे स्वस्त पडते. शिवाय शाईचा प्रिंटर बराच काळ न वापरता ठेवला, तर शाई वाळून बसते.

जुना संगणक घेताना

कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक बाजारात स्वस्तात मिळतात. ते वाईट नसतात, पण वय तपासावे. विंडोज-१० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तेव्हा विंडोज-११ चालेल असेच यंत्र घ्यावे. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढची यंत्रे त्याला चालतात. पिढी ओळखणे सोपे आहे. आय-५ पुढे ६५०० लिहिले असेल तर सहावी पिढी, ८४०० असेल तर आठवी, १२४०० असेल तर बारावी. दुकानदार तोंडाने सांगेल त्यावर न जाता, सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडायला सांगा. प्रोसेसर आणि रॅम तेथे लिहिलेली असते.

परवान्याची विंडोज परवडत नसेल तर चोरीची घालून घेऊ नका. तिच्यासोबत काय शिरेल याचा नेम नसतो, आणि त्याच संगणकावर तुम्ही बँकेचे काम करणार असता. उबंटू किंवा आपल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस ही प्रणाली मोफत आहे. लिब्रे ऑफिसही मोफत मिळते आणि हिशेबाचे तक्ते त्यात उत्तम होतात. फक्त मुलांच्या अभ्यासक्रमाला विंडोजच लागते का, हे आधी त्यांच्या वर्गात विचारा.

वीज, धूळ आणि गंधक

मळ्यातल्या वस्तीवर विजेचा दाब कधी चढा, कधी उतरता असतो. मोटार जळाल्याचा अनुभव अनेकांना आहे, संगणकाचेही तसेच होऊ शकते. म्हणून पहिला खर्च अर्थिंगचा. घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यात पाणी घालत जा, आणि तीन पिनेच्या प्लगची जाड पिन काढून टाकण्याची सवय सोडा. दुसरा खर्च यूपीएसचा. घरगुती यूपीएस दहा-पंधरा मिनिटे वेळ देतो. तेवढ्यात काम जतन करून यंत्र नीट बंद करावे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, हे खर्चात धरा. पावसाळ्यात ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवा.

संगणक औषधांच्या खोलीत ठेवू नका. द्राक्षबागायतदारांच्या घरी गंधकाची पोती असतात. गंधकाच्या वाफेने तांब्या-चांदीचे सांधे काळे पडून खराब होतात. माणसांच्या दृष्टीनेही ती खोली वेगळी आणि कुलूपबंद असावी हेच योग्य. कांदा चाळीची धूळ, उंदीर आणि पाली यांपासून यंत्र दूर ठेवा, पण कापडाने झाकून चालू ठेवू नका, त्याला हवा लागते.

दुकानात काय पाहाल?

निदान दोन दुकानांतून लेखी भाव घ्या. कागदावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम, एसएसडी आणि पडद्याचा आकार लिहून घ्या, म्हणजे तुलना करता येते. पक्के जीएसटी बिल घ्या, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक असावा. हमी घरी येऊन दुरुस्तीची आहे की यंत्र दुकानात आणून देण्याची, हे नीट विचारा. सुरगाणा-पेठकडच्या कुटुंबाला डबा मांडीवर घेऊन नाशिकला दोन हेलपाटे घालावे लागले, तर स्वस्ताई कोठल्या कोठे जाते. तालुक्याच्या गावी भरवशाचा दुरुस्तीवाला असेल, तर दोन पैसे जास्त देऊन तेथेच खरेदी केलेली परवडते.

शक्यतो मुलीला किंवा सूनबाईंना सोबत न्या. त्यांनीच कीबोर्डवर चार ओळी मराठीत टाइप करून पाहाव्यात. ज्याला वापरायचे, त्याने पारखावे.

एक गोष्ट निक्षून सांगतो. पीक कर्जाच्या पैशातून संगणक घेऊ नका. ते पैसे पुढच्या हंगामाच्या बियाण्याचे आणि खताचे असतात. हप्त्याने घेणार असाल तर एकूण किती रक्कम जाणार ती बेरीज आधी करा.

घरी आणल्यावर

संगणक कोणा एकाच्या बंद खोलीत न ठेवता माजघरात ठेवा. सर्वांची ये-जा असली की मुले काय पाहतात हे कळते, आणि आजीबाईंनाही नातवाशी पडद्यावर बोलता येते. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, ओळख नसलेल्या पत्रातली जोडणी उघडायची नाही, हे सर्वांना बजावून ठेवा.

दर शनिवारी हिशेब आणि फवारणीच्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, आणि तो पेनड्राइव्ह संगणकाजवळ न ठेवता कपाटात ठेवा. संगणक बिघडला तर दुसरा घेता येतो. गेलेल्या हंगामाची नोंद मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. सहा महिने झाले की वहीतला तो दुसरा रकाना पुन्हा काढा आणि लिहिलेल्या कामांपैकी किती कामे खरोखर होत आहेत, ते घरातल्या सर्वांनी मिळून पाहा.