वर्गणी आमची, मध्यंतर त्यांचे!

"अरे, ही मुलगी कोण? हिची बहीण का?"

आईने हा प्रश्न विचारला तेव्हा पडद्यावर एक मुलगी साबणाची वडी हातात धरून पावसात नाचत होती. त्याआधी अर्ध्या मिनिटापर्यंत आम्ही राजा परांजपे यांचा एक जुना कृष्णधवल चित्रपट पाहत होतो. नायिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. इतका वेळ मनात धरून ठेवलेले वाक्य तिच्या ओठांवर आले होते. ते बाहेर पडणार, तोच आमच्या बैठकीच्या खोलीत रंगीत पाऊस सुरू झाला.

"आई, ही सिनेमातली नाही. जाहिरात आहे ही."

"जाहिरात? आपण पैसे भरतो ना रे?"

वाचकहो, माझी आई ७७ वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांत तिच्या आठवणीचा धागा विरत चालला आहे. डॉक्टरांनी त्याला जे नाव दिले आहे ते आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. नागपूरच्या माहेरातल्या विहिरीला किती पायऱ्या होत्या ते ती आजही सांगते, पण सकाळी पोळी खाल्ली की भाकरी ते दुपारी सांगता येत नाही. अशा अवस्थेत तिला एकच गोष्ट अजून साधते. संध्याकाळी साडेसातला एखादा जुना चित्रपट लावून दिला आणि मध्ये खंड पडला नाही, तर दोन तासांची कथा ती नीट धरून ठेवते. खंड पडला की धागा सुटला. मग नायक कोण, हा म्हातारा कुणाचा बाप, हे सारे मला पहिल्यापासून सांगावे लागते. सांगून होते न होते तोच दुसरा साबण येतो.

ज्या कंपनीचा मी वर्गणीदार आहे तिचे नाव मी येथे घेत नाही. वर्षाची वर्गणी मी एकरकमी भरली होती, आणि ती भरण्याचे मुख्य कारण हेच होते की तिथे जाहिराती नव्हत्या. पुढे एके दिवशी ई-पत्र आले. सेवेत 'काही बदल' करण्यात येत आहेत, असे त्यात मोठ्या अदबीने कळवले होते. बदल म्हणजे जाहिराती, हे तिसऱ्या परिच्छेदात. त्या नको असतील तर दरमहा आणखी थोडे पैसे भरावेत, हे चौथ्यात. मी वीस वर्षे मराठी शिकवतो. पर्यायोक्ती अलंकार शिकवताना तुरुंगात असलेल्या माणसाला 'सरकारी पाहुणचार' घडत असल्याचे उदाहरण आम्ही देतो. ते आता बाद करून हे पत्रच फळ्यावर लिहावे, असे मनात आले.

पण गंमत अशी की, याहून सरस उदाहरण अमेरिकेत घडलेले आहे. तिकडे ॲमेझॉन कंपनीने २९ जानेवारी २०२४ पासून आपल्या प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू केल्या. त्या नको असणाऱ्यांनी महिन्याला २.९९ डॉलर जादा भरायचे. काही वर्गणीदार चिडून कोर्टात गेले. आम्ही वर्षाचे पैसे आधीच भरले होते, तेव्हा ही वर्षाच्या मध्येच केलेली भाववाढ आहे, असे त्यांचे म्हणणे. २०२५ साली न्यायालयाने तो दावा फेटाळला. किंमत वाढलेली नाही, फक्त मिळणाऱ्या लाभात फेरफार झाला आहे, आणि असा फेरफार करण्याची मुभा करारातच आहे, असा निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असणार. करार न वाचता 'मान्य' या शब्दावर बोट ठेवणाऱ्यांत मीही आहे. पण गवळी दूध तेवढ्याच भावाने देतो आणि पाणी नको असेल तर वर दोन रुपये मागतो, त्याला आपल्या पेठेत भाववाढ म्हणत नाहीत, एवढेच. त्याला वेगळा शब्द आहे.

या कंपन्यांवर ही पाळी का आली तेही पाहायला हवे. नेटफ्लिक्स ही त्यांच्यातली थोरली. आधी ती टपालाने चित्रपटांच्या चकत्या घरपोच भाड्याने देई. २००७ पासून इंटरनेटवरून दाखवू लागली. आमच्याकडे जाहिराती नाहीत, हीच तिची वर्षानुवर्षे जाहिरात होती. मग स्पर्धक वाढले, प्रत्येकाला स्वतःच्या मालिका काढण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतावा लागला. २०२२ च्या पहिल्या तीन महिन्यांत नेटफ्लिक्सचे दोन लाख वर्गणीदार कमी झाले. दहा वर्षांत असे प्रथमच घडले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिने कमी वर्गणीची, पण जाहिरातींसकटची योजना काढली. एक न्याय मात्र तिला दिला पाहिजे: जुन्या वर्गणीदाराच्या ताटात तिने तेव्हा काही कालवले नाही. ज्याला स्वस्त हवे त्याने जाहिराती सोसाव्यात, हा सरळ सौदा झाला. माझी तक्रार त्या सौद्याबद्दल नाहीच.

जाहिरातींशी माझे वैर आहे, असा समज मुळीच होऊ देऊ नका. ज्या अंकात तुम्ही हा लेख वाचत आहात तो जाहिरातींशिवाय तुमच्या हाती पडता ना. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तेव्हापासून आपण पैसे देऊन अंक घेतो आणि त्यात दागिन्यांच्या, तेलांच्या, मसाल्यांच्या जाहिराती पाहतो. कधी राग येत नाही. मला तर लहानपणी त्याच आधी पाहायला आवडत. पण अंकातली जाहिरात आपल्या पानावर मुकाट बसलेली असते. पान उलटायला बोट माझे असते. कथेतली नायिका तोंड उघडते आहे आणि तेवढ्यात कोणी माझे मनगट धरून म्हणते आहे, 'थांबा, अजून पंचवीस सेकंद हे तेल पाहा,' असे कोणत्याही संपादकाने आजवर केलेले नाही.

मध्यंतराचेही मला वावडे नाही. आपल्या कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, नामाचा गजर होतो, आणि मग उत्तररंगाचे आख्यान लागते. नाटकाचा पडदा पडतो तो नाटककाराने ठरवलेल्या ठिकाणी. मराठी चित्रपटाचे मध्यंतरही दिग्दर्शक जपून योजतो. प्रेक्षक चहाच्या रांगेत उभे राहून पुढे काय होणार याची चर्चा करतात. थांबणे हा आपल्याकडे कथा सांगण्याचाच भाग आहे. इथे मात्र चित्रपटाच्या लांबीवर 'अमुक मिनिटाला तोडायचे' अशा खुणा करून ठेवलेल्या असतात आणि त्या जागी कोणती जाहिरात यायची ते आपण पाहत असताना, त्याच क्षणी, यंत्र ठरवते. त्यामुळे एकाच इमारतीत दोन बिऱ्हाडांत एकच चित्रपट चालू असला तरी एकीकडे साबण येतो, दुसरीकडे मोटार. साठ वर्षांपूर्वीच्या नायिकेने कोणत्या शब्दाला गप्प व्हायचे हे त्या खुणेवर ठरते. दूरदर्शनसंचावरच्या वाहिन्यांना तासाला १२ मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवू नयेत असा नियम तरी आहे. तो पाळला किती जातो हा निराळा प्रश्न. या नव्या प्रकाराला असले माप लावलेले नाही.

हे सारे मी एका रात्री तावातावाने आईला सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "रेडिओवर नव्हत्या का? आम्हाला तर फार आवडायच्या."

आणि ते खरे आहे. विविधभारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्या काळी रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. म्हणजे पैसे भरून जाहिराती ऐकणे हे काही आपल्याला नवे नाही! आई मग एकामागून एक जाहिरातींची गाणी म्हणू लागली. दंतमंजन, वेदनाशामक गोळ्या, केसांचे तेल. एक शब्द चुकला नाही. दुपारचे जेवण न आठवणारी बाई छप्पन्न-सत्तावन्न वर्षांपूर्वीचे दंतमंजन चालीसकट म्हणत होती. माझ्या सगळ्या युक्तिवादाची हवाच गेली. गाणे संपल्यावर जाहिरात आणि जाहिरात संपल्यावर गाणे. गाण्याच्या अंतऱ्याला कोणी मध्येच तोडत नसे, एवढे एक उत्तर मला नंतर अंथरुणावर पडल्यावर सुचले.

जादा पैसे मी भरणार नव्हतो. रक्कम फार नव्हती, पण तत्त्वाचा प्रश्न होता. मी कंपनीला एक सविस्तर तक्रार लिहिली. उत्तर तीन मिनिटांत आले. त्यात माझे नाव बिनचूक होते आणि माझ्या पत्रातले एक अक्षरही नव्हते. मी दुसरे पत्र लिहायला बसलो तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, तुमचं तत्त्व राहू द्या बाजूला. रोज रात्री आई तुम्हाला पाच वेळा एकच प्रश्न विचारतात आणि पाचव्या वेळी तुम्ही त्यांच्यावर ओरडता. कंपनीवर ओरडता येत नाही म्हणून. माझ्या लक्षात येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

मी काही बोललो नाही. पैसे भरले. कन्येने फोनवर दोन ठिकाणी बोट ठेवले आणि काम झाले. जाहिराती काढण्याची सोय मात्र या कंपन्यांनी फार सुटसुटीत केलेली आहे.

दुसऱ्या दिवशी तोच चित्रपट पुन्हा लावला. नायिका चौकटीला टेकली. तिने वाक्य पुरे केले. कोणी पावसात नाचले नाही. मी चित्रपटापेक्षा आईकडेच अधिक पाहत होतो. तिने एकदाही "हा कोण?" असे विचारले नाही. दोन ठिकाणी डोळ्यांना पदर लावला आणि एका ठिकाणी, नायकाच्या काकावर, मोठ्याने हसली. शेवटी पाटी आल्यावर तिने मला कथा सांगितली. घर कुणाचे, पैसे कुणी लपवले, लग्न का मोडले होते, सगळे क्रमाने. कितीतरी महिन्यांनी तिने मला काही तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले असेल. मी मध्ये एक शब्द बोललो नाही.

सांगून झाल्यावर ती जरा घुटमळली.

"एक मात्र राहिलं हं त्यात," ती म्हणाली. "ती दुसरी मुलगी. पावसात भिजायची ती. तिचं पुढे काय झालं ते दाखवलंच नाही."

मला उत्तर सुचेना. कन्येने मात्र पुस्तकातून डोके वर न काढताच सांगून टाकले, "तिचं लग्न झालं, आजी. नाशिकला असते."

"बरं झालं बाई," आई म्हणाली, "किती भिजत होती!"