शाळा आणि समाज (लेखांक ९) : हातभार आणि अधिकार

अमेरिकेतील कॅरोलायना भागातल्या दोन वस्त्यांमध्ये मुले शाळेत येण्यापूर्वी कसे बोलायला आणि ऐकायला शिकतात, याविषयी शर्ली ब्राइस हीथ यांनी केलेल्या अभ्यासाचे विवेचन या लेखांकात करण्याचे योजले होते. परंतु शाळा व्यवस्थापन समितीवरील मागील लेखांक वाचून एका मुख्याध्यापकांनी विचारलेल्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणे शक्य नसल्याने हीथ यांचा अभ्यास एक आठवडा पुढे ढकलला आहे. समितीच्या सदस्यांना प्रशिक्षण दिले जाते, हजेरीपटावर सह्या होतात, चहापान होते. अशा प्रशिक्षणामुळे मुलांच्या शिकण्यात फरक पडतो असे कोणत्या संशोधनाने दाखवले आहे काय, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नामागे असलेल्या विचाराची सर्वांत नेटकी मांडणी जागतिक बँकेच्या २००४ च्या जागतिक विकास अहवालात आढळते. सार्वजनिक सेवा देणाऱ्याने आपल्या कामाचा जाब देणे, म्हणजेच उत्तरदायित्व, हे दोन मार्गांनी साधते असे त्या अहवालात म्हटले होते. नागरिकाने मत द्यायचे, निवडून आलेल्याने प्रशासनाला आदेश द्यायचे आणि प्रशासनाने शिक्षकाकडून काम करून घ्यायचे, हा लांबचा मार्ग. पालकाने थेट शाळेत जाऊन विचारायचे, हा जवळचा. लांबचा मार्ग जागोजागी अडलेला असल्यामुळे जवळचा मोकळा करावा, या युक्तिवादाने सर्व शिक्षा अभियानाच्या काळातील ग्राम शिक्षण समित्यांचे समर्थन केले जात असे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ खालील आजच्या समित्यांचेही केले जाते. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : पालक विचारत नाहीत ते केवळ माहिती नसल्यामुळे, आणि ती पोहोचवली की ते आपोआप विचारू लागतील.

हे गृहीतक उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात कसोटीला लागले. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचल ग्लेनर्स्टर आणि स्तुती खेमानी यांनी, मुंबईच्या वस्त्यांमधून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने, तेथील २८० गावांत यादृच्छिक चाचणी घेतली. यादृच्छिक चाचणीत कोणत्या गावात उपक्रम राबवायचा आणि कोणते गाव केवळ तुलनेसाठी ठेवायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवतात, त्यामुळे पुढे दोन गटांत जो फरक दिसेल तो उपक्रमाचाच आहे असे म्हणता येते. येथे प्रत्येकी ६५ गावांचे तीन गट उपक्रमासाठी आणि उरलेली ८५ गावे तुलनेसाठी होती.

उपक्रमापूर्वीच्या पाहणीत समितीची जी स्थिती आढळली ती या संशोधनाच्या निष्कर्षांइतकीच बोलकी आहे. नियमाप्रमाणे समितीत गावचा प्रधान, मुख्याध्यापक आणि तीन पालक असत. शाळेवर लक्ष ठेवणे, वरिष्ठांकडे तक्रार नेणे, अनुदानाचा विनियोग पाहणे आणि शिक्षामित्र, म्हणजे गावातूनच कंत्राटी पद्धतीने नेमलेला साहाय्यक शिक्षक, यांच्या नेमणुकीत भाग घेणे ही तिची कामे होती. प्रत्यक्षात अशी समिती अस्तित्वात आहे हेच दहापैकी नऊ पालकांना ठाऊक नव्हते, आणि ज्यांची नावे समितीच्या यादीत होती त्यांपैकी सुमारे पाव लोकांना आपण सदस्य आहोत याची कल्पना नव्हती. सदस्याला न सांगता समिती पूर्ण होते, याचा अर्थ ती गावासाठी नव्हे, तर वरून आलेल्या निधीच्या कागदपत्रांसाठी स्थापन झालेली असते. तेथे नावाची गरज असते, माणसाची नसते. आपली मुले कितपत वाचू शकतात याविषयीही अनेक पालकांचा अंदाज वास्तवापेक्षा बराच आशावादी होता.

पहिल्या गटातील गावांत ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांनी आधी वाड्यावस्त्यांवर छोट्या बैठका आणि नंतर प्रधान व मुख्याध्यापकांच्या उपस्थितीत गावसभा घेऊन समितीचे अधिकार आणि शाळेला मिळणारा निधी यांची माहिती दिली. दुसऱ्या गटात याच्या जोडीला गावकऱ्यांना मुलांची वाचनक्षमता तपासण्याचे साधे साधन शिकवण्यात आले. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांची ही चाचणी ‘असर’ अहवालांमुळे महाराष्ट्रातील शिक्षकांच्याही परिचयाची आहे. त्यांनी स्वतः मुले तपासून गावाचे प्रगतिपत्रक तयार केले आणि ते सभेत वाचून दाखवले. तिसऱ्या गटात या दोन्हींशिवाय गावातील तरुण स्वयंसेवकांना चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग कसे चालवावेत हे दाखवण्यात आले. दुसऱ्या गटातील हे वाचन तपासण्याचे साधन विशेष लक्षणीय होते, कारण मुलांचे शिकणे मोजणे हे तज्ज्ञांचे किंवा खात्याचे काम मानले जाते, आणि येथे मात्र ती पट्टी थेट गावाच्या हाती देण्यात आली होती.

पहिल्या पाहणीनंतर सुमारे वर्षभराने केलेल्या पाहणीत तीनही गटांतील सरकारी शाळांच्या कारभारात काहीही बदललेले आढळले नाही. समित्या अधिक सक्रिय झाल्या नाहीत, पालक अधिक संख्येने शाळेत जाऊ लागले नाहीत, शिक्षकांच्या उपस्थितीत वा श्रमांत वाढ झाली नाही आणि पहिल्या दोन गटांत मुलांचे वाचनही सुधारले नाही. सभांना गर्दी होत होती, चर्चा रंगत होत्या, मुलांना वाचता येत नाही हे गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तरीही त्या माहितीचे रूपांतर शाळेला विचारलेल्या प्रश्नात झाले नाही.

तिसऱ्या गटात मात्र एक वेगळीच घटना घडली, आणि या संशोधनाचा उल्लेख करणारे बहुतेक लेखक तिला पुरेसे महत्त्व देत नाहीत. ६५ पैकी ५५ गावांत तरुणांनी, कोणताही मोबदला नसताना, वाचनवर्ग सुरू केले आणि त्यांत साडेसात हजारांच्या जवळपास मुले आली. ज्या मुलांना आरंभी एक अक्षरही ओळखता येत नव्हते, त्यांपैकी वर्गाला आलेल्या मुलांची अक्षरे ओळखू लागण्याची शक्यता तशाच इतर मुलांच्या तुलनेत ६० टक्के-बिंदूंनी वाढली. तीच सभा, तेच गाव आणि तीच माहिती असूनही शिक्षकाला जाब विचारायला कोणी पुढे आले नाही, पण मुलांना शिकवायला शेकडो तरुण पुढे आले. गाव उदासीन असते, या नेहमीच्या तक्रारीला येथे उत्तर मिळते. अर्थात या वर्गांना आलेली मुले गावांतील एकूण मुलांच्या १० टक्क्यांहूनही कमी होती, त्यामुळे स्वयंसेवेने शाळेची जागा घेतली असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

ज्याला एकाच ‘लोकसहभाग’ या नावाने संबोधले जाते त्यात दोन भिन्न गोष्टी एकत्र झालेल्या असतात, हे जौनपूरने स्पष्ट केले. एक म्हणजे हातभार : श्रम, वेळ, वर्गणी. दुसरी म्हणजे अधिकार : दुसऱ्याच्या कामाचा जाब मागणे आणि तो न मिळाल्यास काही परिणाम घडवून आणणे. हातभारासाठी इच्छा आणि थोडे मार्गदर्शन पुरते. अधिकार वापरण्यासाठी मात्र ज्याचे वेतन आणि बदली दुसरीकडे ठरते अशा माणसाशी गावातच राहून विरोध पत्करावा लागतो, आणि त्या विरोधाचा उपयोग होईल याची खात्री नसेल तर शहाणा माणूस तो पत्करत नाही. जौनपूरच्या पालकांचे मौन अज्ञानापेक्षा या हिशेबातून आलेले असण्याची शक्यता अधिक आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. प्रियंका पांडे, संगीता गोयल आणि वेंकटेश सुंदररामन यांनी कर्नाटक, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या राज्यांत, म्हणजे जौनपूर ज्या राज्यात आहे तेथेही, अशीच माहिती-मोहीम ३४० गावांत राबवली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तीनही राज्यांत काही ना काही अनुकूल परिणाम नोंदवले : दोन राज्यांत शिक्षकांचे श्रम वाढले, गणवेश, शिष्यवृत्ती, मध्यान्ह भोजन यांसारख्या हक्कांच्या वितरणात थोडी सुधारणा झाली आणि काही इयत्तांत गुणही वाढले. या दोन अभ्यासांतील विरोध वाटतो तितका तीव्र नाही. या दुसऱ्या अभ्यासात प्रत्येक गावात आठ ते नऊ सभा झाल्या होत्या, म्हणजे माहिती एकदा सांगून न थांबता पुन्हापुन्हा सांगितली गेली. शिवाय मोजणी मोहिमेनंतर दोन ते चार महिन्यांतच झाली होती आणि शिकण्यातील सुधारणा सर्व इयत्तांत नव्हे तर एखाद्या इयत्तेपुरती दिसली. गणवेश किंवा भोजन मिळाले की नाही हे डोळ्यांना दिसते आणि त्याबद्दल विचारणे शिक्षकाच्या कौशल्यावर बोट ठेवण्याइतके अवघडही नसते. तेथे माहिती लवकर कामी यावी हे स्वाभाविक आहे.

मग अधिकारच द्यावा, असे सुचणे साहजिक आहे. पश्चिम केनियात २००५ पासून झालेल्या प्रयोगात डुफ्लो, पास्कलिन ड्युपा आणि मायकेल क्रेमर यांनी पाहिले की पालकांच्या समितीला पहिलीसाठी एक कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निधी आणि त्याला पुढे ठेवायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार दिला, तरी एवढ्याने काम भागत नाही. जादा शिक्षक येताच नियमित शिक्षकांची वर्गातील उपस्थिती घटली आणि नेमणुका अनेकदा त्यांच्याच नातेवाइकांच्या पदरात पडल्या. ज्या शाळांत समितीला नेमणूक कशी करावी आणि कामावर लक्ष कसे ठेवावे याचेही प्रशिक्षण मिळाले होते, तेथे या दोन्ही प्रवृत्तींना आळा बसला. जौनपूरमध्ये प्रशिक्षण होते पण त्याला अधिकाराची जोड नव्हती. केनियातील काही शाळांत अधिकार होता पण प्रशिक्षण नव्हते. दोन्ही एकत्र आले तेथे फळ दिसले. मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळते : प्रशिक्षण निरुपयोगी नसते, पण सदस्यांच्या हाती ठरवण्यासारखे काही असावे लागते.

उरलेले निम्मे उत्तर इंडोनेशियातून मिळते. मेन्नो प्रधान आणि सहकाऱ्यांनी तेथील सरकारी शाळांच्या समित्यांवर चार उपाय वेगवेगळे आणि एकत्रितपणे करून पाहिले : अनुदान, प्रशिक्षण, सदस्यांची निवडणूक आणि समितीची ग्रामपरिषदेशी सांगड, म्हणजे दोघांनी एकत्र बसून शाळेचे नियोजन करणे. अनुदान आणि प्रशिक्षण हे जगभरचे आवडते उपाय फारसे उपयोगी ठरले नाहीत. सांगड, आणि निवडणुकीसह सांगड, यांनीच खर्चाच्या मानाने शिकण्यात सर्वाधिक सुधारणा घडवली. शाळेची समिती एकटी असते तेव्हा ती केवळ विनंती करू शकते. गावाची निवडून आलेली संस्था तिच्या शेजारी बसली की तिच्या ठरावाला वजन येते. ज्याला लांबचा मार्ग म्हणून बाजूला सारले होते, त्याच्याशी जोडल्याशिवाय जवळचा मार्गही कोठे पोहोचत नाही, असा या निष्कर्षाचा अर्थ आहे.

महाराष्ट्रातील समितीची रचना या कसोटीवर तपासली तर तिची बलस्थाने आणि उणिवा एकाच वेळी दिसतात. कायद्यानुसार तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या सदस्य स्त्रिया आणि वंचित गटांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व ही रचना जौनपूरच्या पाच जणांच्या समितीपेक्षा कितीतरी व्यापक आहे, आणि शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम तिच्याकडे असल्यामुळे तिला कागदावर तरी ठरवण्यासारखे काही आहे. मात्र जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची नेमणूक आणि बदली गावापासून दूर ठरते, आणि २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर डिजिटल वर्गखोल्यांसाठी गावोगाव जी लोकवर्गणी जमली तिची चर्चा मुख्यतः किती रक्कम गोळा झाली या अंगाने झाली. ती वर्गणी खरी आणि अभिमानास्पद आहे; पण ती हातभार या सदरात मोडते, अधिकाराच्या सदरात नव्हे, आणि पहिल्याच्या आकड्यांवरून दुसऱ्याविषयी समाधान मानणे ही लोकसहभागाच्या अहवालांत वारंवार आढळणारी गफलत आहे.

म्हणून समितीचे मूल्यमापन सभांच्या आणि सह्यांच्या संख्येवर करण्याऐवजी मागील वर्षभरात समितीने घेतलेल्या कोणत्या निर्णयामुळे शाळेत काय बदलले, आणि आराखड्यातील कोणती मागणी ग्रामसभेने किंवा पंचायतीने उचलून धरली, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ काही कळेल. प्रशिक्षणाचा दिवसही अधिकारांची यादी वाचून दाखवण्यात घालवण्यापेक्षा या वर्षीचा आराखडा सरपंच आणि सदस्यांनी एकत्र बसून तयार करण्यात घालवला, तर तो इंडोनेशियातील यशस्वी उपायाच्या जवळ जाईल आणि त्यासाठी वेगळा निधीही लागणार नाही.

पुढील लेखांकात हीथ यांच्या अभ्यासाकडे वळायचे आहे. जौनपूरच्या तरुणांचे वर्ग यशस्वी का झाले, या प्रश्नाचा एक धागा तेथेच सापडण्याजोगा आहे, कारण त्या तरुणांना आपल्या वस्तीतील मुले घरी कशी बोलतात हे कोणी शिकवावे लागले नव्हते.