रानाचा पैसा आणि पगारपत्रकातील एक ओळ



आजच्या विषयात शेती आहे, जंगल आहे आणि पैसा आहे. पैकी पहिल्या दोहोंशी शहरवासीयांचा संबंध काय, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. म्हणून आरंभ आपल्याच खिशापासून करतो. नोकरदार मंडळींनी घरी गेल्यावर आपले पगारपत्रक काढून पाहावे. त्यात 'व्यवसाय कर' अशी एक ओळ बहुधा सापडेल. वर्षाला फार तर २,५०० रुपयांचा हा कर. १९७५ च्या कायद्याने तो बसला. पण कशासाठी बसला, हे आज थोड्यांनाच आठवते.

तो बसला रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने या योजनेचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात झाला. १९७२ च्या दुष्काळात तिची निकड साऱ्या महाराष्ट्राला पटली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो अमलात आला. शहरातील मिळवत्या माणसाने कर द्यावा, सरकारने तितकीच रक्कम आपल्या तिजोरीतून घालावी आणि त्यातून खेड्यातील रिकाम्या हातांना काम मिळावे, अशी ती व्यवस्था होती. शहराने रानाचे देणे मान्य केल्याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडेल.

आता प्रश्न असा, की या पैशाने रान आणि शेत ही दोन्ही एकत्र कशी सावरता येतात? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे याचे उत्तर आहे. गाव अवर्षणप्रवण, भोवतालचे डोंगर उघडेबोडके. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने काही बंधने स्वतःवर घालून घेतली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही त्यांतली मुख्य. रोजगार हमीच्या पैशातून डोंगरउतारावर, वनखात्याच्या जमिनीवरही, सलग समतल चर खणले गेले. पाणी धावायचे ते चालू लागले, चालायचे ते थांबू लागले आणि थांबलेले जमिनीत मुरले. डोंगरावर गवत वाढले. ते चारायचे नाही, विळ्याने कापून न्यायचे, असा नियम झाला. गवत आले म्हणून दुभती जनावरे आली, आणि विहिरींना पाणी आले म्हणून रब्बीचे पीक आले. येथे जंगल शेतीच्या आड आले नाही. उलट जंगल हीच शेतीची विहीर ठरली.

मग हे सगळीकडे का होत नाही? याचे कारण पैशाच्या स्वरूपात आहे. या कामाला एक नव्हे, तीन प्रकारचा पैसा लागतो.

पहिला खणण्याचा पैसा. चर, बांध, खड्डे, रोपे यांचा खर्च एकदाच येतो. तो सरकारी तिजोरीतून येऊ शकतो आणि येतही असतो.

दुसरा थांबण्याचा पैसा. शेतकऱ्याचे पीककर्ज वर्षाच्या आत फेडायचे असते. ३१ मार्च कोणासाठी थांबत नाही. झाड मात्र थांबायला लावते. आंबा फळाला यायला काही वर्षे, सागाला काही दशके. तेवढा काळ त्या जागेवरच्या ज्वारीची भरपाई कोण करणार? महाराष्ट्राने १९९० पासून रोजगार हमीला फळबागेची जोड दिली ती हाच खड्डा भरण्यासाठी. पुढे २०१८ च्या फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे वाटून देण्याचे ठरले, आणि पुढचे हप्ते रोपे किती जगली यावर ठेवले. यातले तत्त्व मोलाचे आहे. लावलेल्या झाडाला नव्हे, जगलेल्या झाडाला पैसा! रोपे लावण्याचे समारंभ आपण पुष्कळ पाहिले. त्यांच्या पहिल्या वाढदिवसाला मात्र कोणी जात नाही.

तिसरा राखणीचा पैसा, आणि येथेच गाडे अडते. डोंगरावरच्या शेतकऱ्याने झाडे राखली, तर माती धरणात येत नाही आणि झरे उन्हाळ्यापर्यंत टिकतात. लाभ खाली आपल्या नळाला होतो. त्याग मात्र वर त्याच्या शेताला घडतो. त्याने झाडे तोडून विकली तर चार पैसे त्याच्या हाती येतात, राखली तर काहीच येत नाही. मग त्याने परोपकाराची अपेक्षा एकट्याने किती दिवस पुरवावी?

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या छोट्या देशाने या प्रश्नाला हात घातला. गुरांच्या कुरणांसाठी तेथील जंगल बेसुमार तुटले होते. १९९६ मध्ये कायदा झाला, की जंगल जे देते त्याचे मोल द्यायचे. हवेतील कर्बवायू शोषणे, पाणी राखणे, जीवसृष्टी सांभाळणे आणि निसर्गसौंदर्य या त्या चार सेवा. पैसा प्रामुख्याने इंधनावरील करातून उभा केला. म्हणजे जो धूर काढतो त्यानेच झाडाचे देणे द्यायचे. जंगल राखणाऱ्याला करार करून हप्ते मिळतात. शेतात पिकांबरोबर झाडे वाढवणाऱ्यालाही झाडांच्या संख्येवर मोबदला मिळू लागला. आज त्या देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर पुन्हा जंगल आहे.

तथापि सारे श्रेय या पैशालाच देणे बरोबर नव्हे. त्याच कायद्याने जंगल तोडून शेत करण्यास बंदी घातली होती, आणि गोमांसाचा धंदाही तेव्हा मंदावला होता. शिवाय जे तोडणारच नव्हते त्यांनाही पैसे मिळाले, आणि कागदपत्रे नसलेला लहान शेतकरी बाहेर राहिला, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर चार-चार भावांची नावे असतात. तेथे करार व्यक्तीशी करण्यापेक्षा गावाशी करणे शहाणपणाचे. आणि चराईबंदी झाली की पहिला भुर्दंड शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनाला बसतो. त्याच्या चाऱ्याची सोय प्रथम, झाडाची नंतर, हा क्रम चुकला तर कुऱ्हाड रात्री चालते.

कोणी म्हणेल, ही घाई कशाला? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आठवा. काढणीला आलेला गहू आणि हरभरा दिवसांत झोपला. अशा लहरी हवामानात एकाच पिकावर उभा असलेला शेतकरी एका पायावर उभा असतो. बांधावरची झाडे, डोंगरावरचे गवत, गोठ्यातले दूध हे त्याचे दुसरे पाय. गारा झाडालाही लागतात हे खरे. पण सारे एकाच दिवशी जात नाही.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. व्यवसाय कराने एकदा हे सिद्ध केले, की शहर खेड्यासाठी नियमित पैसा देऊ शकते आणि त्याने शहर बुडत नाही. त्याच न्यायाने पाणीपट्टीतील एक लहानसा वाटा धरणाच्या वरच्या गावांना, जगलेल्या झाडांच्या हिशेबाने, का देऊ नये? ते दान नव्हे. आपण रोज सकाळी जे पाणी भरतो, त्याच्या बिलातील राहून गेलेली ती एक रक्कम आहे.